खेळी पूर्ण करायची का?

सोमवार, ३ नोव्हेंबर

नोकरी लागली. आणि कसली, तर खेळ खेळायची! आत्याला सांगितलं तेव्हा तिने शिलाई मशीन थांबवलं, दोरा दाताने तोडला आणि विचारलं, कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याला खेळायचा पगार देणारा हा शहाणा कोण भेटला? वर म्हणाली, तुझं एक तरी काम शेवटपर्यंत गेलंय का रे, जेवतानासुद्धा ताटात अर्धं टाकून उठतोस. मी चिडलो नाही. म्हणजे दार जरा जोरात लागलं, पण ते वाऱ्यानेही लागतं.

हे लिहितोय ते भिंगरीच्या अटीमुळे. भिंगरी हे तिचं घरचं नाव, एका जागी टिकत नाही म्हणून लहानपणीच पडलेलं. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी प्राचार्यांच्या टेबलावर मूठ आपटून, वरची काच फोडून बाहेर पडलो. ती नजर तपासायचा कोर्स पुरा करून या गावात चष्म्याच्या दुकानात लागली. मग मीही इथे आलो. आत्याची मागची खोली रिकामी आहे, हे आईला सांगायचं कारण. भिंगरी म्हणाली, राग आला की आधी लिहायचं, मग तोंड उघडायचं. महिनाभर लिहून दाखव, मग आपल्या दोघांचं बोलू. महिना काय, वर्षभर लिहीन.

तिच्या दुकानापुढे घिरट्या घालताना जिन्यापाशी पाटी दिसली, तिसऱ्या मजल्यावर माणसं हवीत. वर गेलो तर काय, ‘सरहद्द’! माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर सरहद्द खेळला नाही असा सापडणार नाही. चौकटींचा पट, आपल्या सोंगट्या, त्यांचा एक म्होरक्या, पुढे धुकं, धुक्यात लपलेले समोरचे. एका खेळीत प्रत्येक सोंगटीला एक चाल आणि एक काम. दोन्ही झालं की सोंगटी राखाडी पडते, मग तिला हलवता येत नाही. शेवटी पडद्यावर प्रश्न येतो: खेळी पूर्ण करायची का? हो म्हटलं की आपल्या सोंगट्यांचा रंग परत येतो आणि समोरचे धुक्यातून निघतात. तुम्ही हो म्हणत नाही तोवर ते येत नाहीत. खुशाल जेवून या, झोपून या. कॉलेजात भिंगरी एकेका चालीला विचार करायची. मी धडाधड हो दाबायचो आणि धडाधड हरायचो.

आता तोच खेळ तळहाताएवढ्या डबीत येतोय. करडा रंग, उघडमीट करणारं झाकण, पोटात पेन्सिल सेल. आम्ही दिवसभर खेळायचं आणि चुका शोधून सांगायच्या. माझी खुर्ची खिडकीशी. खाली चष्म्याचं दुकान, समोर दातांचा दवाखाना, गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी. माणसाला आणखी काय हवं?

बुधवार, ५ नोव्हेंबर

माझ्या शेजारी बसतात ते काका. सगळे त्यांना कासव म्हणतात, तेही हाकेला ओ देतात. एक चाल करायला त्यांना इतका वेळ लागतो की मधे माझा चहा पिऊन होतो. त्यांच्या सोंगट्यांची नावं पक्कड, कानस, पाना, खिळा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, की सोंगटीला माणसाचं नाव द्यायचं नाही. हत्यारांच्या पेटीतलं द्यायचं. ऑफिसातली ती रीतच आहे. हा खेळ डबीत बसवणाऱ्या प्रोग्रामरताईंच्या म्होरक्याचं नाव करवत. मी कारण विचारलं तर काका म्हणाले, माणसाचं नाव दिलं की जीव अडकतो, मग चूक दिसत नाही. पटलं. माझा म्होरक्या हातोडी.

कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवलाय. आतला पंखा सारखा घरघरतो. जाता जाता मी त्याचं बटण बंद करायला वाकलो, तर काका खुर्चीवरून असे उठले की कासव कसलं, ससा! माझं मनगट धरून ठेवलं. साहेब आतून म्हणाले, त्याला हात लावू नकोस रे, तो काकांचा आहे, मागे बॅटरी लावलीय, वीज गेली तरी चालतो. बरं बाबा, चालू दे.

आज साहेबांनी माझी पाठ थोपटली. झालं असं, की खेळीच्या मध्यात सेल संपले आणि सगळ्या चाली वाया गेल्या. मी डबी आपटणारच होतो. मग अट आठवली आणि आपटण्याऐवजी लिहून दिलं: सेल संपत आले की डबीने आपणच खेळी पूर्ण करावी आणि सगळं जपून ठेवावं. प्रोग्रामरताईंनी दुपारपर्यंत तसं करूनही टाकलं. म्हणाल्या, डोकं आहे रे तुला, फक्त तापतं लवकर. सेलच्या झाकणाखाली एक खटकाही आहे, ते सैल झालं तरी हेच होतं. माझ्या डोक्यातून निघालेली पहिली गोष्ट! भिंगरीला सांगितली तर ती म्हणाली, म्हणजे आता तुझ्यासारखी डबीही स्वतःच हो म्हणणार. हसत होती. हसताना काउंटरच्या या टोकाहून त्या टोकाला तिच्या दोन फेऱ्या झाल्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आधी लिहायचं, मग बोलायचं. लिहितोय. पण बोलून झालंय.

दुपारी तिने चहाला बोलावलं. समोरच्या दवाखान्यातला दातवाला. त्याच्या घरच्यांनी तिच्या घरी विचारलंय. तिची आई तयार आहे. ती म्हणाली, मी अजून काहीच ठरवलं नाही, तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगतेय. मी काय बोललो ते लिहीत नाही. कप फुटला एवढं लिहितो. ती तुकडे गोळा करत म्हणाली, हे बघ, हेच.

वर आलो. नवा डाव उघडला. हातोडी-बितोडी गेली खड्ड्यात. म्होरक्याचं नाव ‘मी’. टेहळणी करणारीचं नाव ‘भिंगरी’. सगळ्यात पुढच्या सोंगटीचं नाव ‘दातवाला’. एकदा डाव सुरू झाला की नावं बदलत नाहीत, माहीत आहे मला. दातवाल्याला सरळ धुक्याच्या तोंडाशी नेऊन उभा केला. खेळी पूर्ण करायची का? हो. हो!

धुक्यातून काहीतरी आलं. त्याला मारलं नाही. आत घेऊन गेलं. अशी चाल मी या खेळात कधी पाहिली नव्हती. चुकांच्या यादीत घालायला हवी.

मस्त वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दातवाला गायब आहे.

चष्म्याच्या दुकानाचे मालक सांगत होते. काल संध्याकाळी शेवटचा पेशंट खुर्चीत आ करून बसलेला. दातवाला बोलता बोलता थांबला, जरा पाहून येतो म्हणाला आणि पांढरा कोट, तोंडावर मास्क, तसाच गल्लीच्या टोकाकडे चालत गेला. पेशंट बिचारा आ करून बसून राहिला. जबडा दुखायला लागला तेव्हा कुठे त्याने मदतनीस बाईंना हाक मारली. मालक हसून सांगत होते. मीही हसलो. भिंगरी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्या म्हणाली, लग्नाला घाबरून पळाला असेल, पुरुषाची जात.

सोमवार, १० नोव्हेंबर

गल्लीच्या टोकाला धुकं आहे. भर दुपारी, लख्ख ऊन असताना. पाण्याची टाकी दिसत नाही. लोक म्हणतात पाइप फुटलाय. मी खिडकीतून बराच वेळ पाहिलं. ते हलत नाही. आणि त्याची कड सरळ आहे, पट्टीने आखल्यासारखी.

योगायोग. दुसरं काय असणार?

तरी डाव उघडला. खेळी माझी होती. वाटलं, तो आत कुठे दिसतो का बघू, सोंगटी परत आणता आली तर आणू. धुक्यात डोकावणं हे टेहळणीवालीचं काम. काका साहेबांच्या खोलीत होते. मी भिंगरीला चाल दिली, धुक्याच्या कडेला नेलं, काम दिलं: नजर टाक. काही दिसलं नाही. ती राखाडी पडली.

तेवढ्यात खाली दुकानाच्या दाराची घंटा वाजली. भिंगरी बाहेर आली. हातात कुणाचा तरी दुरुस्तीचा चष्मा तसाच होता. नेहमी ती चालते तेव्हा इकडे बघ, तिकडे थांब, मांजराशी बोल. आज सरळ. एका रेषेत. धुक्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली.

मी खिडकीतून हाक मारली. पुन्हा मारली. सगळी गल्ली वर बघायला लागली.

तिने वळून पाहिलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती अजून तिथेच आहे. तशीच. चष्मा मुठीत. डोळे उघडे, श्वास चालू, अंग गरम. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले धक्का बसलाय, दवाखान्यात हलवा. हलवा म्हणजे कसं? चौघांनी उचलायला घेतली. रुजलेलं झाड उपटल्यासारखे ओढत होते. तिची टाचसुद्धा उचलली गेली नाही. पोलिसांनी दोरी बांधली. तिची आई स्टुलावर शेजारी बसून आहे.

मी काकांना डबी दाखवली. नावं वाचून ते खाली बसले. पहिला प्रश्न विचारला, खेळी कुणाची? म्हटलं, माझी. पूर्ण केलीस? नाही. मग करू नकोस, म्हणाले. काहीही झालं तरी हो म्हणू नकोस.

मग त्यांनी कोपऱ्यातली चादर काढली. जुन्या पडद्यावर जुना सरहद्द. धुक्याच्या कडेला एक राखाडी सोंगटी. नाव ‘धाकटा’. काकांचा धाकटा भाऊ. मागे एक रंगीत सोंगटी, म्होरक्या, नाव ‘थोरला’. मी जन्मलोही नव्हतो तेव्हाची ही खेळी आहे. काकांनी ती आजवर पूर्ण केलेली नाही. भाऊ घराच्या मागच्या आवारात उभा आहे. त्याच्याभोवती खोली बांधलीय. त्याच्या पुढ्यात भिंत नाही, तिथे धुकंच आहे म्हणाले. त्याचे केस वाढत नाहीत, नखं वाढत नाहीत. काका म्हातारे झाले, तो तेवढाच आहे.

मी ओरडलो, आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू हसला असतास. खरं आहे. त्यांना वाटलं होतं, एवढ्याशा डबीत ते येणार नाही. पण प्रोग्रामरताईंनी खेळाचं जुनं काळीज जसंच्या तसं उचलून आत बसवलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मी हो म्हणालो तर ती सुटेल, आणि त्याच क्षणी समोरचे निघतील. कडेला तीच आहे. म्हणालो नाही तर ती अशीच उभी. ती म्हातारी होणार नाही, मी होईन. चालेल. तिच्याभोवती मीही खोली बांधीन. रोज येऊन बसेन. ओरडणार नाही.

तिच्या आईला पाणी नेऊन दिलं. एरवी मला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडते. आज माझा हात धरून म्हणाल्या, तू हाक मार रे, तुझं ऐकते ती. मी

नंतर लिहितो.

नंतर. सेल. सेलचं लक्षातच आलं नाही. काकांचा कॉम्प्युटर भिंतीच्या विजेवर चालतो. माझी डबी सेलवर.

पडद्यावर सेलची एकच रेघ उरलीय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रोग्रामरताईंना म्हटलं, ते काढून टाका, मी सांगितलेलं ते. त्या म्हणाल्या, नवं घालायचं तर डबी बंद करावी लागेल, बंद झाली की खेळी पूर्ण. सेल बदलायला झाकण उघडलं तरी तेच. बाहेरून तार जोडू म्हटलं. तार जोडायला झाकण उघडावं लागेल. काकुळतीने म्हणाल्या, अरे, तुझीच तर कल्पना. त्यांना अजून सगळं ठाऊक नाही.

पडद्यावरचं झाकण मिटलं तर सेल जरा जास्त टिकतात. मिटलंय. मिटल्यावर आत काय चाललंय ते कळत नाही. म्हणून उघडतो. मग पुन्हा मिटतो.

पटावर एक सोंगटी अजून रंगीत आहे. ‘मी’.

काकांना विचारलं. ते म्हणाले, समोरच्यांना जो आधी दिसतो त्याच्यावर ते येतात. आड कुणी उभा असेल तर मागचा त्यांना दिसत नाही. आणि म्होरक्या गेला की डाव तिथेच संपतो, हा पहिल्यापासूनचा नियम. डाव संपल्यावर बाकीच्यांचं काय होतं? ते म्हणाले, मला माहीत नाही. कधी पाहिलं नाही. मग मान खाली घालून म्हणाले, माझ्या पटावरही थोरला रंगीतच आहे रे. रोज सकाळी येतो. रोज चाल द्यायची ठरवतो.

म्हणून कासव.

घरी आत्याने ताट वाढलं. सगळं संपवलं. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळ. रेघ लुकलुकतेय.

जिन्यात बसून ‘मी’ला चाल दिली. भिंगरीच्या आणि धुक्याच्या मधली चौकट. बोट उचललं आणि पाय उठले. मी उठलो नाही, पाय उठले. जिना, दुकान, दोरी. पोलिस काहीतरी ओरडला. काका खिडकीत होते—

उभा आहे. ती माझ्या पाठीशी. तिचा श्वास मानेवर लागतोय. पाय गेले. म्हणजे आहेत, पण माझे नाहीत. चाल संपली, काम ठेवलंय. म्हणून हात चालतोय. वही डबीवर धरून लिहितोय—

तिची आई मागून विचारतेय, काय करतोस रे तिथे? बाजूला हो, तिला ऊन लागू दे.

धुकं नाकासमोर. थंड नाही. औषधाचा वास. दवाखान्याचा—

भिंगरी, हे तुझ्यासाठी. महिना झाला नाही, माफ कर. कपाचं वाईट वाटतंय. दातवाल्याचंही. तो वाईट नव्हता गं, त्याने फक्त विचारलं होतं—

पडदा मंद झाला. सेलने दाबण्याआधी मी दाबणार. आयुष्यात पहिल्यांदा विचार करून—

खेळी पूर्ण करायची का?

हो.

पाय सुटले. माझे पाय! बोटं हलतात. मागे चष्मा पडला. रस्त्यावर काच— ती हलली! आई रडतेय, नाव घेतेय तिचं—

मला पळता येईल. आत्ता. एक उडी बाजूला. पण मग ती दिसेल त्यांना—

धुक्यात पांढरा कोट. मास्क. तोच. हळूहळू येतोय. त्याच्यामागे आणखी— किती—

ती माझी बाही ओढतेय. चल म्हणतेय. नको भिंगरी, मागे हो, माझ्या मागे राहा, आई, धरा हिला—

तो वाकून बघतोय माझ्याकडे. अगदी प्रेमाने म्हणतोय, आ करा.

आत्याला सांगा, हे मी अर्ध्यात सोडलं नाही. हलणार नाही. इथेच. शेवटप